सेवा केंद्राच्या टेबलावरचा यूएसबी हब: पोर्टांआधी अडॅप्टर पाहा

लॅपटॉपला एका यूएसबी पोर्टाचे अनेक पोर्ट करून देणारा हब लागतो हे कोणालाही पटते. डेस्कटॉपला तो कशासाठी, असा प्रश्न मात्र कधी कधी दुकानदारही विचारतो. पाठीमागे सहा आणि पुढे दोन असे आठ पोर्ट असताना आणखी कशाला हवेत, हे वरवर रास्तच वाटते. परंतु आपले सरकार सेवा केंद्राच्या टेबलावर ठेवलेल्या संगणकाचा हिशेब निराळा असतो. कीबोर्ड आणि माउस यांनी दोन पोर्ट घेतले, प्रिंट-झेरॉक्स-स्कॅन करणाऱ्या यंत्राने तिसरा, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राने चौथा, अर्जदाराचा फोटो काढणाऱ्या वेबकॅमने पाचवा, पावतीच्या थर्मल प्रिंटरने सहावा आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाने सातवा. त्यानंतर अर्जदाराचा पेन ड्राइव्ह येतो, ब्रॉडबँड बंद पडले की इंटरनेट देणारा मोबाइल येतो, आणि संध्याकाळी दिवसभराच्या कामाची प्रत घेणारी बाह्य हार्ड डिस्क येते. शिवाय पुढचे दोन पोर्ट सततच्या काढघालीने ढिले झालेले असतात, त्यामुळे ते मोजणीत धरणेच चुकीचे ठरते.

अशा टेबलासाठी बाजारात तीन प्रकारचे हब समोर येतात आणि हे परीक्षण त्या तीन प्रकारांचे आहे. पहिला, दीडशे ते तीनशे रुपयांत मिळणारा, चार पोर्टांचा आणि यूएसबी २.० जातीचा. दुसरा, साधारण पाचशे ते हजार रुपयांचा, निळ्या पोर्टांचा यूएसबी ३.० हब, ज्याला स्वतःचा अडॅप्टर नसतो. तिसरा, सात पोर्टांचा, भिंतीतील सॉकेटमधून वेगळी वीज घेणारा, ज्याची किंमत दोन हजारांच्या पुढे जाते. माझा निर्णय आधीच सांगतो: वरच्यासारखा टेबल असेल तर तिसराच घ्यावा, दुसरा फक्त पेन ड्राइव्हपुरता ठीक आहे, आणि पहिला कीबोर्ड-माउसपलीकडे कशालाही जोडू नये. या निर्णयामागचे मुख्य कारण वेग नाही, वीज आहे. आणि हबच्या खोक्यावर वेग मोठ्या अक्षरांत, तर विजेची माहिती असलीच तर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली असते.

यूएसबी २.० च्या नियमांनुसार संगणकाचा एक पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो. यूएसबी ३.० मध्ये हा आकडा ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट आहे. अडॅप्टर नसलेला हब याच एका पोर्टातून स्वतःसाठी आणि आपल्यावर बसलेल्या सर्व उपकरणांसाठी वीज घेतो. २.० च्या हबचा हिशेब तर नियमातच मांडलेला आहे: १०० मिलिअँपिअर हबसाठी आणि प्रत्येकी १०० मिलिअँपिअर चार पोर्टांसाठी. अडॅप्टर नसलेले हब बहुधा चारच पोर्टांचे का असतात, याचे उत्तर या बेरजेत आहे. आता पुष्कळ वेबकॅम संगणकाशी जोडले जाताना एकट्यासाठी ५०० मिलिअँपिअरची मागणी नोंदवतात. हब प्रामाणिक असेल, म्हणजे ‘माझ्याकडे स्वतःची वीज नाही’ असे त्याने संगणकाला सांगितले असेल, तर विंडोज अशा वेबकॅमला वीज अपुरी असल्याचे सांगून नकार देते. स्वस्तातले कित्येक हब मात्र ‘माझ्याकडे स्वतःची वीज आहे’ अशी खोटी नोंद करतात. मग वेबकॅम सुरू होतो, ठशांचे यंत्रही सुरू होते आणि दोन्ही एकदम काम करू लागले की त्यांतील एक अचानक गायब होते. ही तक्रार केंद्रचालक बहुधा ‘सर्व्हर डाउन’च्या खात्यात टाकतात, कारण तेथे सर्व्हरही वरचेवर डाउन असतो.

फिरती तबकडी असलेल्या अडीच इंची हार्ड डिस्कचा प्रश्न याहून गंभीर आहे. तबकडी फिरायला सुरुवात होताना अशी डिस्क क्षणभर १ अँपिअरच्या आसपास वीज मागते. अडॅप्टर नसलेल्या हबवर, आणि त्यातही शेजारी दुसरे उपकरण बसलेले असताना, ती मागणी पुरी होत नाही. डिस्क टिक-टिक आवाज करते, पुन्हा सुरू होण्याचा प्रयत्न करते आणि पुन्हा थांबते. लिहिणे चालू असताना हे घडले तर फाइल खराब होण्याचा धोका खरा असतो. ज्या डिस्कवर वर्षभराच्या नोंदींची प्रत ठेवायची, ती दोनशे रुपयांच्या हबवर लावणे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

केबलचा भाग दुर्लक्षित राहतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. स्वस्त केबलमध्ये विजेच्या तारा बहुधा २८ गेजच्या, म्हणजे फार बारीक असतात. अशा तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटरच्या केबलमध्ये तो ०.४२ ओहम धरावा लागतो. ९०० मिलिअँपिअर प्रवाह वाहत असेल तर केबलमध्येच ०.३८ व्होल्ट गळतात आणि ५ व्होल्टचे टोकाला ४.६२ व्होल्ट उरतात. विजेच्या तारा २४ गेजच्या, म्हणजे जाड, असतील तर हीच गळती ०.१५ व्होल्टच्या जवळ येते. हबची केबल लांब असावी म्हणजे तो टेबलावर हवा तेथे ठेवता येईल, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण अडॅप्टर नसलेल्या हबची केबल जितकी आखूड तितके बरे. अडॅप्टर असलेल्या हबमध्ये उपकरणांची वीज या केबलमधून येत नसल्यामुळे एक मीटरची केबल निर्धास्तपणे वापरता येते, आणि मला तो अशा हबचा मोठाच फायदा वाटतो. एक्स्टेन्शन केबल जोडून हब खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेण्याचा उद्योग मात्र कोणत्याही हबच्या बाबतीत करू नये.

अडॅप्टर आहे एवढ्याने काम भागत नाही. सात पोर्टांच्या हबसोबत ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर आला असेल तर एकूण वीज १० वॅट झाली. ती सात जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला २८५ मिलिअँपिअर येतात, म्हणजे जुन्या २.० पोर्टापेक्षाही कमी. सातही पोर्टांनी एकाच वेळी पूर्ण ९०० मिलिअँपिअर द्यायचे म्हटले तर ६.३ अँपिअर, म्हणजे साडेएकतीस वॅट लागतात. म्हणूनच चांगल्या सात-पोर्टी हबसोबत १२ व्होल्ट, ३ अँपिअर असा ३६ वॅटचा अडॅप्टर दिसतो. वरचे साडेचार वॅट हबच्या स्वतःच्या चिपमध्ये आणि १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना होणाऱ्या घटीत जातात. सगळे पोर्ट कधीच एकदम पूर्ण वीज मागत नाहीत, त्यामुळे आपल्या टेबलाला २० ते २४ वॅटही पुरतात. त्याखाली जाऊ नये.

१२ व्होल्टचा अडॅप्टर आणि ५ व्होल्टचा अडॅप्टर यांत मी पहिल्याला पसंती देतो. १२ व्होल्ट आत येऊन हबमध्येच ५ व्होल्ट तयार होत असतील तर अडॅप्टरच्या लांब वायरीतील गळतीने पोर्टावरचा दाब उतरत नाही. ५ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये तो उतरतो, आणि चारपाच उपकरणे लावल्यावर पोर्टावर मीटर लावून पाहिले तर ४.७ व्होल्टच्या आसपासचा आकडा दिसू शकतो. १२ व्होल्टच्या बाजूने एवढे बोलल्यावर एक सावधगिरीची सूचनाही द्यायला हवी. राउटर, सीसीटीव्ही कॅमेरा आणि हब यांच्या अडॅप्टरची गोल पिन पुष्कळदा एकाच मापाची असते. सफाईच्या दिवशी सर्व वायरी काढून पुन्हा लावताना राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या हबमध्ये गेला, तर हब आणि कदाचित त्यावरची यंत्रेही कायमची जातात. अडॅप्टरच्या पिनेजवळ चिकटपट्टी लावून तिच्यावर यंत्राचे नाव आणि व्होल्ट लिहून ठेवावेत. दोन रुपयांत होणारे हे काम हबच्या वॉरंटीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण आहे की नाही, हे खोके उघडूनच पाहावे. माहिती-तंत्रज्ञान उपकरणांच्या अडॅप्टरांना भारतात सक्तीची नोंदणी लागते. त्यावर आयएस १३२५२ यासारखा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक घातला की उत्पादकाचे नाव दिसते. हबचे खोके नामांकित आणि आतला अडॅप्टर निनावी, ही जोडी बाजारात दुर्मीळ नाही.

विजेच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी उरतात आणि दोन्ही आपल्याकडच्या परिस्थितीशी निगडित आहेत. पहिली यूपीएसची. हबचा अडॅप्टर साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर आणि संगणक यूपीएसवर, अशी मांडणी अनेक ठिकाणी असते, कारण यूपीएसच्या मागची तीनचार सॉकेट सीपीयू, मॉनिटर आणि राउटरने आधीच भरलेली असतात. वीज गेली की संगणक चालू राहतो आणि हब मात्र एकतर बंद पडतो किंवा निमूटपणे संगणकाच्या ९०० मिलिअँपिअरवर येतो. दोन्ही प्रसंगी हार्ड डिस्कचा संपर्क मध्येच तुटू शकतो. यूपीएस घेण्याचा हेतूच मग संपतो. हबचा अडॅप्टर यूपीएसवरच हवा. तीस-छत्तीस वॅटची भर ६०० व्हीएच्या यूपीएसला जड नाही. प्रश्न असतो तो फक्त अडॅप्टरच्या फुगीर आकाराचा, जो शेजारचे सॉकेटही झाकून टाकतो. म्हणून ज्याचा अडॅप्टर वीट आणि वेगळी वायर अशा स्वरूपात असेल तो हब सोयीचा.

दुसरी गोष्ट उलट्या विजेची. काही हबमध्ये अडॅप्टरची वीज खाली उपकरणांकडे जाते तशी वर संगणकाकडेही जाते. तसे होऊ नये म्हणून सर्किटमध्ये जो अडसर घालायला हवा, तो पैसे वाचवण्यासाठी गाळलेला असतो. अशा हबमुळे संगणक बंद करून मागचे बटण बंद केले तरी मदरबोर्डवरचा दिवा मंद जळत राहतो, कधी पंख्याला झटका बसतो, कधी संगणक सकाळी नीट सुरूच होत नाही. तपासणी सोपी आहे. अडॅप्टर चालू ठेवून हबची संगणकाकडे जाणारी केबल मोकळी सोडावी आणि तिच्या टोकाशी यूएसबी टेस्टर किंवा मल्टिमीटर लावावा. तेथे ५ व्होल्ट दिसले तर हब परत करावा. मीटर जवळ नसेल तर संगणकाची मुख्य वीज बंद करून, हब जोडून, कॅबिनेटचे आणि कीबोर्डचे दिवे पाहावेत.

आता वेग. यूएसबी ३.० हे मानक २००८ मध्ये आले आणि त्याचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट ठरला. २०१३ मध्ये ३.१ आले तेव्हा जुन्या ५ गिगाबिटचेच नाव ‘३.१ जेन १’ झाले, आणि २०१७ मध्ये ३.२ आल्यावर तेच ‘३.२ जेन १’ झाले. अर्थात, दुकानात एका शेल्फवर ‘३.०’, दुसऱ्यावर ‘३.१ जेन १’ आणि तिसऱ्यावर ‘३.२ जेन १’ लिहिलेले हब शेजारीशेजारी असतील, तर तिघांचा वेग एकच आहे आणि नव्या आकड्यासाठी अधिक पैसे देण्याचे कारण नाही. नावांचा हा गोंधळ यूएसबीची मानके सांभाळणाऱ्या ज्या संस्थेने घातला तिनेच २०२२ मध्ये खोक्यावर सरळ गिगाबिट लिहिण्याची शिफारस केली. ती पाळलेली दिसली तर आनंद मानावा.

५ गिगाबिटपैकी सांकेतिक रचनेमुळे प्रत्यक्षात सेकंदाला ५०० मेगाबाइटची कमाल मर्यादा उरते आणि चांगल्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर, चारशेच्या वर आकडा मिळतो. २.० वर हाच आकडा ३० ते ४० मेगाबाइटवर अडकतो. आठ गिगाबाइटची लग्नाची चित्रफीत एसएसडीवर न्यायला एकीकडे वीसेक सेकंद लागतात, दुसरीकडे जवळजवळ चार मिनिटे. परंतु ठशांचे यंत्र, टोकन, पावती प्रिंटर, कीबोर्ड यांना यातले काहीच लागत नाही; ती उपकरणे बहुधा १.५ किंवा १२ मेगाबिटच्या, फार तर २.० च्या वेगाने बोलणारी असतात. मग अशी मंद उपकरणे ३.० हबवर लावली तर एसएसडीचा वेग घटतो का, ही शंका वारंवार ऐकू येते. घटत नाही. ३.० चा प्रत्येक हब हा एका खोक्यात बसवलेले दोन हब असतात: एक २.० चा आणि एक अतिवेगाचा, आणि केबलमध्येही दोघांच्या तारा वेगळ्या असतात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक हब जोडल्यावर किमान दोन नोंदी दिसतात त्या यामुळेच. याचा दुसरा अर्थ असाही की ३.० हबवर जोडलेली सगळी २.० उपकरणे मिळून ४८० मेगाबिटच वाटून घेतात. ५ गिगाबिटमधला हिस्सा त्यांना मिळत नाही. दोन वेबकॅम एकाच हबवर असतील तर हे जाणवते.

हब ३.० चा असून संगणकाच्या काळ्या पोर्टात घातला तर तो २.० होऊन बसतो. हे सांगायला नको असे वाटेल, पण छोट्या कार्यालयांत नूतनीकरण केलेले जुने डेस्कटॉप मोठ्या प्रमाणात वापरात आहेत आणि त्यांतील कित्येकांमध्ये इंटेलचा एच ६१ हा चिपसेट (मदरबोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) असतो. त्या चिपसेटमध्ये यूएसबी ३.० ची सोयच नव्हती. इंटेलने ती चिपसेटांच्या २०१२ च्या सातव्या मालिकेपासून दिली. एच ८१ मध्येही ३.० चे दोनच पोर्ट मिळतात. म्हणून हब विकत घेण्याआधी संगणकाच्या पाठीमागे वाकून निळा पोर्ट आहे का ते पाहावे. तो नसेल आणि मोठ्या फाइलींचे काम असेल, तर हबच्या जोडीला किंवा हबऐवजी कॅबिनेटच्या आत मदरबोर्डवर बसणारे पीसीआय एक्स्प्रेसचे यूएसबी कार्ड घ्यावे. कार्डाच्या पोर्टांना विजेची ददात नको असेल तर पॉवर सप्लायकडून येणारी साटा वीज जोडण्याची जागा असलेलेच कार्ड निवडावे. कॅबिनेट उघडण्याची तयारी असेल तर डेस्कटॉपपाशी हा मार्ग आहे, लॅपटॉपपाशी नाही. तरीही दुकानदार तो सुचवताना क्वचितच दिसतात.

सात पोर्टांच्या हबची आतली रचना एकदा समजून घेण्यासारखी आहे. व्हीआयए लॅब्ज, जेनेसिस लॉजिक, रिअलटेक या कंपन्यांच्या हब चिप बहुधा चार पोर्टांच्या असतात. सात पोर्ट हवे असतील तर एका चिपच्या चार पोर्टांपैकी एकाला दुसरी चिप जोडतात. तीन अधिक चार मिळून सात. दहा पोर्टांच्या हबमध्ये अशा तीन चिप असतात. म्हणजे सात पोर्टांपैकी चार पोर्ट एक पायरी खाली असतात, आणि अशा हबवर दुसरा हब लावला की पायऱ्या भराभर वाढतात. यूएसबीच्या नियमांत संगणक आणि उपकरण यांच्या मध्ये पाचच हब चालतात. ‘यूएसबी ट्री व्ह्यू’ ही मोफत प्रणाली विंडोजवर उघडली की कोणते उपकरण कोणत्या पायरीवर आहे, किती मिलिअँपिअर मागते आणि खरोखर कोणत्या वेगाने जोडले गेले आहे, हे झाडासारखे मांडलेले दिसते. हब घेतल्यावर पहिल्या दिवशी हे चित्र पाहून ठेवावे; एसएसडी किंवा हार्ड डिस्क वरच्या पायरीच्या पोर्टांवर लावावी.

बिनतारी माउसच्या तक्रारीचे मूळही हबमध्ये असू शकते. यूएसबी ३.० ची माहिती वाहताना जो रेडिओ गोंगाट निर्माण होतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापर्यंत पसरतो, आणि बिनतारी माउस, कीबोर्ड, ब्लूटूथ तसेच जुना वाय-फाय यांचे दळणवळण त्याच पट्ट्यात चालते. इंटेलने २०१२ मध्येच याविषयी सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. माउसचा नखाएवढा रिसीव्हर निळ्या पोर्टात, शेजारी चालू असलेली हार्ड डिस्क, आणि पडद्यावर अडखळणारा बाण, हे दृश्य त्याचेच आहे. रिसीव्हर हबवर लावूच नये. तो संगणकाच्या काळ्या पोर्टात किंवा छोट्या २.० एक्स्टेन्शन केबलने एखादा हात दूर ठेवावा.

यावरून कोणते उपकरण कोठे, याची वाटणी ठरते. कीबोर्ड थेट संगणकावर असावा, कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरताना काही मदरबोर्ड हबमागचा कीबोर्ड ओळखत नाहीत. माउसचा रिसीव्हर, मोठा प्रिंटर आणि ठशांचे यंत्रही मागच्या काळ्या पोर्टांवर राहू द्यावे. ही उपकरणे हलत नाहीत, त्यामुळे त्यांना हाताशी असलेल्या पोर्टांची गरज नसते. हबवर द्यावे ते रोज काढघाल होणारे: स्वाक्षरीचे टोकन, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, मोबाइल, वेबकॅम आणि पावती प्रिंटर. टोकन तर काम संपताच काढून कुलपात ठेवायची वस्तू आहे. ते संगणकाच्या पाठीमागे लावले की लोक आळसाने तेथेच ठेवून घरी जातात. हब टेबलाच्या पुढच्या कडेला असण्याचा सर्वांत मोठा लाभ मला हाच वाटतो.

विंडोजची एक सवयही बदलून घ्यावी लागते. वीज वाचवण्यासाठी ती काही काळ न वापरलेल्या यूएसबी उपकरणांना झोपवते आणि सगळीच यंत्रे वेळेवर उठत नाहीत. डेस्कटॉपला बॅटरी नसल्यामुळे या बचतीला काही अर्थ नाही. पॉवर ऑप्शन्समधील यूएसबीची ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ सुविधा बंद करावी आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये हबच्या सर्व नोंदींवरील वीज वाचवण्याची खूण काढून टाकावी. हब सदोष समजून परत करण्याआधी एवढे करून पाहणे न्यायाचे ठरेल.

बांधणीविषयी थोडक्यात. प्रत्येक पोर्टाला बटण असलेले हब सोयीचे आहेत, मात्र ते बटण बहुधा केवळ वीज तोडते. हार्ड डिस्क आधी ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय त्याला हात लावू नये. वजनदार, धातूचे कवच असलेला हब टेबलावर स्थिर राहतो. पोकळ प्लास्टिकचा हब प्रिंटरच्या जाड वायरीमागे ओढला जातो आणि हवेत लटकतो. दोन ओळींऐवजी एका ओळीत पोर्ट असलेला आणि पोर्टांमध्ये पुरेसे अंतर सोडलेला हब घ्यावा, कारण जाड टोकन शेजारचा पोर्ट झाकते. पोर्टागणिक वेगळे अतिप्रवाह संरक्षण असणे ही मोलाची गोष्ट आहे. ते सामायिक असेल तर बाहेरून आलेल्या एका खराब पेन ड्राइव्हच्या शॉर्टने संपूर्ण हब खाली बसतो. खोक्यावर ते लिहिलेले नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावे. निळ्या दिव्यांची झगझग मात्र कोणी मागितली होती, हे समजत नाही.

दहा गिगाबिटचे आणि टाइप-सी पोर्टांचे हबही आता सहज मिळतात. ज्याच्या टेबलावर वेगवान एनव्हीएमई डिस्क आहे त्याने त्यांचा जरूर विचार करावा. सेवा केंद्र, करसल्लागाराचे कार्यालय किंवा शाळेचा संगणक यांना त्यातून पदरात काही पडत नाही. एचडीएमआय, कार्ड रीडर, नेटवर्क असे सगळे एकत्र भरलेले हब तर लॅपटॉपसाठी आहेत. डेस्कटॉपला ती सारी जोडणी आधीच असते.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत की ऑनलाइन, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. समोरासमोर खरेदीत अडॅप्टर हातात घेऊन वाचता येतो आणि वर सांगितलेली उलट्या विजेची तपासणी दुकानातल्या मीटरवर करून घेता येते. ऑनलाइन खरेदीत परतीची मुदत मिळते, ती संपण्याआधी सर्व पोर्ट भरून, हार्ड डिस्कवर मोठी फाइल उतरवत असताना ठशांचे यंत्र आणि वेबकॅम चालवून पाहावा. जीएसटीचे बिल दोन्हीकडे घ्यावे, कारण त्याशिवाय वॉरंटीचा दावा बहुधा उभा राहत नाही. टीपी-लिंक, यूग्रीन, ओरिको यांच्यासह अनेक कंपन्यांचे अडॅप्टरसह सात-पोर्टी हब आपल्याकडे मिळतात. एकाच कंपनीच्या दोन नमुन्यांत अडॅप्टर वेगवेगळा असतो, म्हणून कंपनीच्या नावावर न जाता नमुन्याचा क्रमांक आणि वॅट पाहावेत.

निवड दोन सारख्याच हबांमध्ये उरली असेल तर ज्याची केबल हबपासून वेगळी होते तो घ्यावा. रोजच्या ओढाताणीत केबलच आधी जाते, आणि ती हबला कायमची चिकटलेली असेल तर तिच्याबरोबर हबही टाकावा लागतो. वेगळ्या केबलमध्येही चौकोनी टाइप-बी सॉकेट असलेला हब उत्तम; दोन्ही टोकांना सारखीच टाइप-ए पिन असलेली केबल देणारे स्वस्त हब टाळावेत, कारण ती केबल मानकात बसत नाही आणि चुकून दोन संगणकांना जोडली गेली तर दोघांच्या विजा एकमेकींवर येतात. टाइप-बी सॉकेटवाल्या हबची केबल शे-दोनशे रुपयांत बदलता येते, आणि पुढेमागे नव्या डेस्कटॉपला टाइप-सी पोर्टच अधिक असले तरी एक टाइप-सी ते टाइप-बी केबल आणून हाच हब आणि हाच अडॅप्टर पुढे चालवता येईल.